एकशे एकतीस सेकंद

"हे एकशे एकतीस मध्येच कुठून आलं?"

रणपिसे सरांनी वहीतल्या त्या आकड्यावर बोट ठेवलं. तंबाखू मळून मळून ते बोट पिवळं पडलेलं. अंबीच्या वहीवर ते बघून मला कसंतरीच झालं, पण रणपिसे सर आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवरचे साहेब. त्यांनी बोट कुठेही ठेवलं तरी आम्ही "हो सर" म्हणायचं, अशीच रीत होती.

"त्या दिवशी तिच्या पायात काटा मोडला होता, सर. बाभळीचा. खाली लिहिलंय बघा तिने."

सरांनी वही डोळ्यांजवळ नेली आणि मोठ्याने वाचलं, "काटा मोडला. खाली बसून काडला. मग परत पळले." वाचून त्यांनी वही जरा लांब धरली. "आणि हे एकशे चार? आदल्या दिवशी एकशे पंधरा, दुसऱ्या दिवशी एकशे बारा. मध्येच एकशे चार?"

"कुत्रं मागे लागलं होतं."

"बाई," सर खुर्चीत रेलले, "ते कुत्रं काढा. नवोपक्रमात कुत्रं नको."

मला हसू आलं. तेव्हा आलं, हे कबूल करते. आता या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली, मी निवृत्त झाले, दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये जिल्ह्याचं मानचिन्ह आहे, आणि ते कुत्रं आठवलं की तोंड कडू होतं.

माण तालुक्यातली आमची वाडी साठ-सत्तर घरांची. निम्मी वस्ती मेंढपाळांची. दिवाळी झाली की त्यांची मेंढरं पश्चिमेकडे चालू लागायची ती थेट ज्येष्ठात परत यायची. पोरं बरोबर जायची. चार महिने शाळा, आठ महिने रान. अंबिका कोळेकर त्यातलीच. नऊ वर्षांची, नावाला तिसरीत, आणि अक्षर म्हणाल तर स्वतःच्या नावातला 'अ' तेवढा ओळखीचा. वर्गात पाच मिनिटं बसली की तिचे पाय हलायला लागायचे. मी फळ्याकडे वळले की ही दारातून बाहेर, आणि बिरोबाच्या देवळाला शिवून परत जागेवर. दोनदा मारलं मी तिला. मग एक दिवस मारायला हात उचलला आणि तीच म्हणाली, "बाई, मारा, पर आदी सांगा, मला किती येळ लागला?"

हात तसाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरीने मला शाळेतला प्रश्न विचारला होता.

दुसऱ्या दिवशी मी दहा मीटरची सुंभाची दोरी घेऊन गेले. अंबीने दोरी टाकत टाकत शाळेच्या पायरीपासून देवळाच्या पायरीपर्यंत मोजलं. वीस दोऱ्या. "जाऊन यून चाळीस," ती म्हणाली. दहाचा पाढा तिला येत नव्हता, पण चाळीस दोऱ्यांचे चारशे मीटर तिने बोटांवर काढले आणि मग पाढा आपोआप आला. माझ्या घड्याळात सेकंदकाटा होता. रोज प्रार्थनेनंतर अंबी एकदा पळायची आणि वहीत आकडा लिहायची. 'पळायची वही' असं तिनेच तिला नाव दिलं.

आकड्याखाली दोन ओळी लिहायच्या, ही माझी अट. पळताना काय दिसलं, काय झालं, आज आकडा वाढला तर का, कमी झाला तर का. आधी मी लिहून द्यायची आणि ती गिरवायची. श्रावण संपेपर्यंत स्वतः लिहायला लागली. "जाताना वारं तोंडावर, येताना पाठीवर. वारं देवळाकडनं येतंय." मग देऊळ कुठल्या दिशेला ते शिकली, मग नकाशा. पळून आली की गळ्याला दोन बोटं लावून ठोके मोजायची, पंधरा सेकंदांचे मोजून चाराने गुणायची. "पळलं की छातीत कोंबडी फडफडती," असं एक वाक्य तिने लिहिलं होतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो निबंध तपासले, त्यातला एकही मला आठवत नाही. हे आठवतं.

सरासरी तर तिने मला शिकवली. सात दिवसांची बेरीज करून साताने भागायचं, असं मी सांगत होते. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हंजी बाई, ज्या दिशी लै लागले त्यातलं थोडं काढून दुसऱ्या दिसास्नी द्यायचं. सगळ्यास्नी सारकं." एवढं सोपं मलाही कधी सुचलं नव्हतं.

हे सगळं मी रणपिसे सरांना कौतुकाने सांगितलं होतं. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. सरांनी 'धावता-धावता शिक्षण' असं नाव देऊन माझं नाव जिल्ह्याच्या नवोपक्रम स्पर्धेसाठी पाठवलं, ते पहिल्या पाचात आलं, आणि मंगळवारी जिल्ह्याचे साहेब स्वतः बघायला येणार असं शुक्रवारी कळलं. म्हणून सर वही घेऊन बसले होते.

"बाई, अहवालात आलेख असतो ना? आलेख कसा पाहिजे?"

"कसा पाहिजे?"

"उतरता. पहिल्या दिवशी एकशे अठरा, मग सोळा, चौदा, अकरा, असं करत शंभराच्या खाली. त्याला प्रगती म्हणतात. हे काय, वर-खाली, वर-खाली? साहेब म्हणतील पोरगी आजारी आहे."

"पण सर, शिकली ती त्या वर-खालीमुळेच. आकडा का वाढला ते शोधताना..."

"ते तुम्हाला कळतं, मला कळतं. साहेबांना पाच मिनिटं असतात." सरांनी खिशातून पुडी काढली, तळहातावर मळली, आणि वहीवर पडलेला भुसा फुंकरीने उडवला. "तुमच्या नावाला हार पडणार आहे, बाई. नियोजन भवनात, स्टेजवर. अकरा वर्षं या वाडीत काढलीत, कोणी विचारलं का? आता विचारतायत, तर कुत्र्या-काट्यांनी घाण करू नका."

मला राग आला. पण खरं सांगायचं तर 'स्टेजवर' हा शब्द ऐकल्यावर मी साडी कुठली नेसायची याचाच विचार करत होते.

शनिवारी अंबीचा बाप शाळेत आला. सिदा कोळेकर. उंच, खांद्यावर घोंगडं, बोलताना जमिनीकडे बघणारा माणूस. दिवाळीनंतर मेंढरं हलणार होती आणि थोरली लेक लग्न होऊन गेल्यामुळे कोकरं सांभाळायला त्याला अंबी हवी होती.

"तिला ठेवा, कोळेकर," मी म्हणाले. "तुमची बहीण आहे ना गावात? तिच्याकडे राहील. वर्षभर शाळा झाली तर ही पोरगी कुठल्या कुठे जाईल."

"पोरगी बी तेच म्हणती. रोज रडती." त्याने मान हलवली. "पर बाई, कोकराला मानूस लागतं. खरंच काय शिकत आसंल, तर मी करतो कायतरी. आन नुसतीच पळत आसंल, तर पळायला रान काय कमी हाय? मला वाचता येत न्हाई. मी कसं वळकायचं?"

"मंगळवारी या. मोठे साहेब येणार आहेत, तिची परीक्षा घेणार आहेत. सगळ्यांसमोर. तेव्हा तुम्हीच बघा."

"सायेब म्हनलं तर मग इषयच मिटला," तो म्हणाला. दारात अंबी उभी होती. तिने बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आनंदाने उगाचच देवळापर्यंत पळून आली.

रविवारी दुपारी मी घरी दार लावून बसले. नवीन वही आणली होती, तीच दुरेघी, त्याच रंगाची. पहिलं पान उजव्या हाताने लिहून बघितलं. माझं अक्षर फळ्यावरचं, गोल, वळणदार, लगेच ओळखू येणारं. पान फाडलं. मग पेन्सिल डाव्या हातात घेतली.

डाव्या हाताने अक्षर छान वेडंवाकडं आलं. अगदी नऊ वर्षांच्या पोरीचं. मला स्वतःच्या कसबाचं कौतुक वाटलं, हे सांगायलाच हवं. तीन तास लिहीत होते. एकशे अठरा, एकशे सोळा, एकशे चौदा. कुत्रं गेलं. काटा गेला. अकरा सप्टेंबरला एकशे एकतीसच्या जागी एकशे एक लिहिलं आणि खाली, "आज मी खूप आनंदाने धावले. व्यायामाने आरोग्य चांगले राहते." मध्ये मध्ये मुद्दाम एखादी वेलांटी चुकवली, म्हणजे खरं वाटावं. शेवटी वहीचे कोपरे दुमडले आणि अंगणातली धूळ हाताला लावून पानांवरून फिरवली.

मग साबण लावून हात धुतले. दोनदा धुतले. वहीचा वास येत होता असं नाही, पण येतोय असं वाटत होतं.

सोमवारी अंबीने विचारलं, "बाई, माझी वही?"

"साहेबांसाठी कव्हर घालायला घेतलीय."

"मग आजचा आकडा कुठं लिव्हू?"

"लक्षात ठेव," मी म्हणाले. तिने मान डोलावली. आकडे लक्षात ठेवणं हे तिला सांगायची गरज नव्हती. पहिल्या दिवसापासूनचा एकेक आकडा तिला तोंडपाठ होता, कारणासकट.

मंगळवारी साहेब दहाला येणार होते. सकाळी आठपासून आम्ही तयार. अंबीला तिच्या आत्याने तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या. "पळायच्या आधी काही खाऊ नको, पोटात कळ येते," असं मीच आदल्या दिवशी तिला सांगितलं होतं, आणि ती माझं ऐकायची. दहा वाजले, अकरा वाजले. ऑक्टोबरचं ऊन मैदानावर तापत होतं. सिदा कोळेकर भिंतीच्या सावलीत उकिडवा बसून होता. बारा वाजता मी अंबीला केळं देऊ केलं तर म्हणाली, "नगं बाई, आता येतीलच."

पाऊण वाजता जीप आली. साहेब उतरले, जाडजूड, पांढरा सफारी, कपाळावर घाम. त्यांनी मैदानाकडे बघितलंही नाही. रणपिसे सर वाकून म्हणाले, "साहेब, आधी जेवणं उरकून घेऊ. गार होतंय."

मग माझ्या वर्गात, माझ्या टेबलावर, फडकं अंथरून पंगत बसली. कोंबडीचा रस्सा, भाकरी, कांदा. फळ्यावर मी रंगीत खडूने अंबीच्या धावण्याच्या वाटेचा नकाशा काढला होता. साहेबांनी चावलेली हाडं एका कागदावर काढून ठेवली. कागद कसला आहे ते मी पाहिलं, तर पोरांनी त्यांच्या स्वागतासाठी लिहिलेलं भेटकार्ड होतं. त्यांच्या ते ध्यानातही आलं नसेल. दारात पोरांची रांग उभी होती आणि सगळी बघत होती. साहेब बोटं चाटत होते. मी त्यांना आणखी रस्सा वाढला.

जेवण झाल्यावर साहेब खुर्ची टाकून सावलीत बसले. काडीने दात कोरत म्हणाले, "हं, दाखवा काय दाखवायचं ते."

दीड वाजून गेला होता. रणपिसे सरांनी घड्याळ माझ्या हातातून घेतलं. "पळ!" म्हणाले.

अंबी पळाली. अनवाणीच पळायची ती. जाताना ठीक होती, देवळाच्या पायरीला हात लावून वळली आणि येताना मध्यावर तिची चाल मोडली. उपाशी पोट आणि ते ऊन. मी मनात मोजत होते. शंभर झाले तेव्हा ती अजून वाटेतल्या पाणवठ्याजवळ होती. पायरीशी येऊन तिने कंबर धरली.

"चौऱ्याण्णव!" सर ओरडले. "चौऱ्याण्णव सेकंद, साहेब!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. अंबीने मान वर करून सरांकडे पाहिलं. धापा टाकत होती, पण भुवया वर गेल्या होत्या. शंभराच्या आत ती कधीच आली नव्हती, हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं.

"वा!" साहेब म्हणाले. "इकडे ये गं. नाव काय तुझं?"

"अंबिका सिदा कोळेकर."

साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास." मग हात काढला, तळहाताला लागलेलं तेल आणि घाम बघितला, आणि रुमाल काढून एकेक बोट पुसलं. पोर समोरच उभी होती.

ती वही त्यांच्या मांडीवर होती. माझ्या डाव्या हाताची. त्यांनी चार पानं चाळली, "अक्षर सुधारलं पाहिजे," असं म्हणाले आणि मग जेवणानंतरच्या खुशीत विचारलं, "बरं मला सांग, तुझा सगळ्यात वाईट दिवस कुठला? सगळ्यात जास्त वेळ कधी लागला?"

प्रश्न चांगला होता. त्या माणसाने दिवसभरात केलेली ती एकच चांगली गोष्ट.

अंबीचा चेहरा उजळला. सरांचे चौऱ्याण्णव ती विसरून गेली. "अकरा सप्टेंबर, सायेब. एकशे एकतीस. पायात काटा मोडला, मग मी खाली बसले, काडला, आन परत पळले. बसले नसते तर एकशे नऊ झालं असतं. बावीस सेकंद काट्याचं."

भिंतीपाशी सिदा कोळेकर उभा राहिला होता. लेक साहेबाशी आकड्यांत बोलतेय हे बघून त्याने घोंगडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. हसत होता तो. मी त्याला त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं.

साहेबांनी पान काढलं. "अकरा सप्टेंबर... इथे तर एकशे एक आहे."

"न्हाई सायेब. एकशे एकतीस."

"अगं, हे बघ. एकशे एक. 'आज मी खूप आनंदाने धावले.' काटा कुठे आहे यात?" त्यांनी पान उलटलं, पुढचं बघितलं, मग मान वर करून मला विचारलं, "बाई, वही बरोबर की पोरगी बरोबर?"

रागाने नाही विचारलं त्यांनी. सहज विचारलं. मी म्हणू शकले असते, 'साहेब, पोरगी बरोबर. वही मी लिहिलीय.' फार तर रणपिसे सर भडकले असते, स्पर्धेतून नाव गेलं असतं. नोकरी कोणी घेत नव्हतं. मला कोणी फासावर चढवत नव्हतं.

"वही बरोबर आहे, साहेब," मी म्हणाले. "ती घाबरलीय. आकडे विसरते कधीकधी."

आवाज अगदी नेहमीचा आला. जरासुद्धा कापला नाही.

"विसरलीस होय गं?" साहेब हसले.

अंबीने हात पुढे केला. "वही बगू?"

साहेबांनी वही तिच्यापुढे धरली. तिने अकरा सप्टेंबरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं. ओठ हलत होते. मग वरची ओळ वाचली, मग मागचं पान, मग त्याच्या मागचं. तीन महिन्यांपूर्वी जिला 'अ'च्या पुढे येत नव्हतं, ती पोर उभ्या-उभ्या पान-पान वाचत होती, आणि तिथे बसलेल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही की परीक्षा ती हीच. मी बघत होते. काट्याच्या जागी काय आहे ते तिने वाचलं. कुत्रं शोधलं, सापडलं नाही. छातीतली कोंबडी शोधली. मग तिने मुद्दाम चुकवलेल्या एका वेलांटीवर बोट फिरवलं. तिला वेलांट्या येत होत्या.

तिने वर बघितलं, ते सरळ माझ्याकडे. रडकुंडीला आली नव्हती, चिडलीही नव्हती. वर्गात एखादं गणित सुटत नसलं की ती जशी बघायची तशी बघत होती. मग तिला उत्तर मिळालं असावं.

"व्हय सायेब," ती म्हणाली. "मीच इसरले."

"चालायचंच," साहेब उठले. "पाठांतर घ्या बाई तिचं. बाकी उपक्रम उत्तम." रणपिसे सरांनी लगेच शेरेबही पुढे केली. साहेबांनी तिच्यावर 'स्तुत्य व अनुकरणीय' असं लिहिलं, सही केली, जीपकडे जाता जाता दारातल्या तुळशीच्या कुंडीत पचकन थुंकले आणि गेले.

जीपची धूळ खाली बसायच्या आत सिदा कोळेकर माझ्याजवळ आला. अंबी मागे, पायरीवर बसून होती. रणपिसे सर मोटारसायकलला पिशव्या अडकवत होते, दहा पावलांवर.

"बाई, येक इचारू का?" सिदा खाली बघत म्हणाला. "सायेबांम्होरं तुमी बोलला ते कळलं मला. पर आता कोण न्हाई. पोरगी खरंच चुकली व्हय? कारण त्या दिशी घरी आली तवा पायाला फडकं बांधलं हुतं तिच्या. मला याद हाय."

त्याला माहीत होतं. वाचता न येणाऱ्या त्या माणसाकडे साक्षीपुरावा होता, आणि तरीही तो माझ्या तोंडाकडे बघत होता, कारण मी बाई होते.

दहा पावलांवर सरांनी मान वळवली. मला त्यांची भीती वाटली म्हणावं तर तसंही नाही. मी एकदा बोलून गेले होते आणि आता ते फिरवायचं म्हणजे या माणसासमोर, या पोरीसमोर मी काय केलं ते तोंडाने सांगायचं. त्याची मला लाज वाटली. लाज राखायला माणूस काय काय करतो, त्याची मला आज किळस येते.

"काटा मोडला असेल," मी म्हणाले, "पण आकडा चुकली ती."

"मग चुकलीच." त्याने मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला त्याने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या फडक्यापेक्षा जास्त. "तुमी काय कमी केलं न्हाई, बाई. एवढं राबला तिच्यापायी. पर तीन म्हैनं शिकून बी सायेबांम्होरं ह्यो असला घोळ. तिच्यातच न्हाई ते. उगं बहिणीच्या उरावर कशाला ठेवू? न्हेतो तिला."

मी 'असं करू नका' म्हणाले. म्हणजे शब्द तोंडातून आले. कोणत्या तोंडाने आले ते मला विचारू नका.

"ठेवून तरी काय उपेग," तो म्हणाला आणि मला हात जोडून नमस्कार केला. खरोखर वाकून केला. "अंबे, चल."

अंबी उठली. पाटी-दप्तर आत होतं, ते आणायला वर्गात गेली. तिथे टेबलावर तो हाडांचा कागद तसाच पडला होता, तिला त्याच्या बाजूनेच जावं लागलं. दप्तर घेऊन बापामागे निघाली. मैदान ओलांडून दोघं ओढ्याकडे वळली.

"बाई, मानलं तुम्हाला," रणपिसे सर मोटारसायकलवरून म्हणाले. "मला वाटलं आता बोंबललं सगळं. काय सांभाळून घेतलंत! पहिला नंबर आपलाच समजा."

पहिला नंबर आमचाच आला. पुढल्या वर्षी 'धावता-धावता शिक्षण' सगळ्या तालुक्याला लागू झालं. शाळाशाळांतून पोरं उन्हात पळायची आणि गुरुजी वह्यांत उतरते आकडे लिहायचे. माझाच अहवाल नमुना म्हणून वाटला होता. अंबिका कोळेकर त्यानंतर कुठल्याच शाळेच्या पटावर आली नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी सर गेल्यावर मी पायरीवर बसले होते. ओढ्याच्या वळणावरून अंबी परत येताना दिसली. पळत. बाप तिकडेच थांबला होता. मला वाटलं, आता विचारणार. 'बाई, असं का केलं?' एवढंच विचारणार, आणि मी काय उत्तर द्यायचं ते जुळवायला लागले.

ती माझ्यासमोर येऊन थांबली. धाप लागली होती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "सायेब तुमाला बोललं न्हाई ना?"

"मला?"

"न्हाई, मी आकडा सांगितला आन वहीत दुसराच निगाला. म्हनलं तुमास्नी रागवत्यात का काय."

"नाही," मी म्हणाले. "नाही रागावले."

"मग बरं झालं," ती म्हणाली. खरंच बरं वाटलं तिला, ते चेहऱ्यावर दिसलं. मग वळून निघाली.

तिचा बाप ओढ्यापाशीच उभा होता. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. ती त्याच्यापर्यंत पोचली, दोघं ओढ्यात उतरली, पलीकडच्या चढाला लागली, तरीसुद्धा ऐकू गेली असती. मी मारली नाही.